थोरलीचं पान

नातवाला शाळेतून घरचा अभ्यास मिळाला होता. मोठ्या कागदावर झाड काढायचं आणि त्याच्या फांद्यांवर चौकटी करून घरातल्या माणसांची नावं लिहायची. मुलगी नोकरीवर जाते, तेव्हा हा अभ्यास साहजिकच माझ्याकडे आला.

आमच्या ह्यांच्या घराण्याची वंशावळ दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेली आहे. सात पिढ्यांची नावं त्यात आहेत. सगळी पुरुषांची. नातवाने ती भराभर उतरवून काढली आणि मग म्हणाला, "आजी, आता तुझी बाजू सांग." मी माझं माहेरचं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, आईच्या आईचं सांगितलं. "आणि तिची आई?" इथे मी गप्प झाले. मला माझ्या पणजीचं नाव माहीत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पणजीचं नाव किती जणींना ठाऊक असतं? खरं आहे. पण आमच्या घरात ही चौकट रिकामी राहण्यामागे एक कारण होतं, आणि ते कारण माझ्या आजीला आयुष्यभर सलत होतं.

"माहेरी गेली, ती गेलीच"

माझी आजी १९१४ च्या सुमाराची. ती चार वर्षांची असताना तिची आई घरातून नाहीशी झाली. कुणी विचारलं, की घरात एकच उत्तर मिळायचं, "माहेरी गेली." मग वडिलांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आई वाईट नव्हती, असं आजी नेहमी आवर्जून सांगायची. पण घरात थोरलीचा विषय निघत नसे. लहानग्या पोरीने त्या एका वाक्याचा आपल्यापरीने अर्थ लावला. आई माहेरी गेली आणि आपल्याला टाकून गेली.

आजीने हे दुःख कधी कुणापुढे मांडलं नाही. पण मुली बाळंतपणाला यायच्या, तेव्हा ती त्यांच्या आधीच्या पोराला क्षणभरही नजरेआड होऊ देत नसे. माझ्या पाठच्या भावाच्या वेळी मी तीन वर्षांची होते. आई खोलीत आणि मी आजीच्या मांडीवर. "तुझी आई त्या दाराच्या आड आहे हो, कुठ्ठे गेली नाही," असं ती मला दिवसातून दहा वेळा सांगायची म्हणे. १९९६ साली आजी गेली. शेवटच्या आजारात तापाच्या भरात तिने आईला विचारलं होतं, "मी काय केलं होतं गं तिचं?"

माझी आई आता ८७ वर्षांची आहे. नातवाची चौकट भरायची म्हणून मी तिला फोन केला, तर ती म्हणाली, "नाव नाही बाई माहीत. पण तो डबा आहे बघ."

(घरच्यांच्या इच्छेवरून माणसांची आणि गावांची नावं इथे दिलेली नाहीत.)

डब्यावरची अक्षरं

डबा म्हणजे पितळी पुरणाचा डबा. आजीच्या वडिलांच्या घरून तिच्याबरोबर आलेली ही एकच जुनी वस्तू. आम्ही त्यात वर्षानुवर्षं सांडगे ठेवत आलो. चिंच-मीठ लावून घासला, तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला ठोकलेली अक्षरं दिसली : "चि. सौ. कां." आणि पुढे एक मुलीचं नाव, एका गावाचं नाव, "शके १८३०".

शक आणि इसवी सन यांत ७८ वर्षांचा फरक असतो (जानेवारी ते गुढीपाडवा या काळात ७९ चा). म्हणजे १९०८-०९ साल. "चि. सौ. कां." नवऱ्यामुलीला लिहितात. तेव्हा हा डबा कुणाच्या तरी लग्नातला, आणि त्यावरचं गाव आजीच्या वडिलांचं नव्हतं. प्रवरेच्या पलीकडचं, शेजारच्या तालुक्यातलं होतं.

हे पणजीचं माहेर असेल का? असावं असं वाटलं. पण वाटणं वेगळं नि खात्री वेगळी.

नवमीची सवाष्ण

आजीच्या वडिलांचं गाव पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. तिथे आजीच्या सावत्र भावाचा नातू शेती करतो. आईला घेऊन गेले. वर्षानुवर्षं जाणं-येणं नव्हतं, तरी त्या वहिनींनी आईला पाटावर बसवून ओटी भरली.

जेवताना मी विषय काढला, तर वहिनी म्हणाल्या, "थोरली कोण ते नाही माहीत. पण आमच्याकडे अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालतात, ती थोरलीच्या नावाने. सासूबाईंनी सांगितलं होतं, हे पान चुकवायचं नाही."

माझा घास हातातच राहिला. मैत्रिणींनो, तुम्हाला ठाऊकच आहे, पितृपक्षातली नवमी ही सवाष्णपणी गेलेल्या बाईची. काही घरांत तिचा नवरा असेपर्यंत पाळतात, काही घरांत पुढेही चालू ठेवतात. पण घर सोडून निघून गेलेल्या बाईचं पान कुणी नवमीला वाढत नाही. म्हणजे पणजी या घरची सून म्हणूनच, नवऱ्याच्या आधी वारली होती. ज्या घरात तिचं नाव विसरलं गेलं, त्याच घरात तिचं पान शंभर वर्षं वाढलं जात होतं!

आई काहीच बोलली नाही. परतताना एसटीत एवढंच म्हणाली, "मग माझ्या आईला कुणी सांगितलं कसं नाही?"

कागदाच्या मागे

आता मला स्वस्थ बसवेना. हे म्हणाले, "एवढं आहे तर रीतसर शोध." हे निवृत्त झाल्यापासून त्यांनाही कामच हवं होतं.

पहिल्यांदा जमिनीचे कागद पाहिले. सातबाऱ्यावर आज कोण आहे ते कळतं. मागे जायचं तर फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६, पाहावी लागते. खातेदार वारला, वाटणी झाली, जमीन विकली, की फेरफार होतो आणि त्यात वारसांची नावं येतात. पणजोबा १९५८ साली गेले. त्यांच्या वारसाच्या नोंदीत मुलगे होते, दुसरी बायको होती. माझ्या आजीचं नाव होतं ते निराळ्या ओळीत. तिने हक्क सोडल्याबद्दल. खाली अंगठ्याची खूण.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी वडिलांची वारस झाली, म्हणूनच तर तिच्याकडून हक्कसोड लिहून घ्यावी लागली. बाईचं नाव जमिनीच्या कागदावर यावं, ते जमीन सोडताना! मला वाईट वाटलं. पण आजीचा अंगठा पाहून डोळ्यांत पाणीही आलं.

मग तहसील कचेरी. पूर्वी गावातले जन्म आणि मृत्यू गावकामगार लिहून ठेवत. ही वही म्हणजे गाव नमुना १४. लोक तिला "कोतवाल बुक" म्हणतात. जुन्या वह्या तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. तिथल्या कारकुनाने विचारलं, "बाई, जमिनीचा दावा आहे का? जातीचा दाखला काढायचाय? नाही? मग कशाला पाहिजे?" "पणजी शोधायचीय," म्हटल्यावर तो हसला. पण तिसऱ्या खेपेला वही काढून दिली, हेही सांगायला हवं.

वही मोडीत होती. मोडी लिपीत आधी आडवी रेघ मारून हात न उचलता लिहीत जातात. दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद नसतो. आपल्याला तर नुसते वेटोळे दिसतात. आमच्या गावात मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी जुनी दप्तरं उघडली गेली, तेव्हापासून अशा जाणकारांना फार मागणी आहे. गुरुजींनी मोबाईलवर काढलेले फोटो चष्मा वर सरकवून वाचले. १९१७ ते १९२०, चारही वर्षं. आमच्या घरातली बाई त्यात नव्हती.

रामकुंडावरची वही

तेव्हा गुरुजींनीच सुचवलं, "ताई, त्या भागातली मंडळी अस्थी घेऊन नाशिकला जायची. उपाध्यांकडे विचारा."

नाशिक आणि त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये यजमानांच्या नामावळ्या पिढ्यान्‌पिढ्या जपतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं, की त्या गावची वही निघते. कोण आलं, कशासाठी आलं, बरोबर कोण होतं, भाऊ किती, मुलं किती, हे सारं आलेल्या यजमानाच्या सहीनिशी असतं. हरिद्वारच्या पंड्यांकडेही अशाच वह्या आहेत. दक्षिण महाराष्ट्रात तर हेळवी लोक दारोदार येऊन घराण्याची नावं सांगतात, तेही याच जातीचं ज्ञान.

आमच्या गावची वही अर्ध्या तासात सापडली. गुरुजी बरोबर होतेच. पौष महिना, शके १८४०. पणजोबांची सही. आणि मजकूर : प्रथम कुटुंबाच्या अस्थी घेऊन आले. पुढे तिचं सासरचं नाव. त्यापुढे, "मुलगी एक", आणि माझ्या आजीचं नाव.

शके १८४० चा पौष म्हणजे जानेवारी १९१९. पणजोबा तिच्या अस्थी घेऊन एवढ्या लांब आले होते. घरी पोरीला मात्र "माहेरी गेली" याखेरीज काही सांगू शकले नव्हते. त्या पिढीतले पुरुष असल्या गोष्टी बोलत नसत. माझा त्यांच्यावरचा राग त्या दिवशी निम्मा ओसरला. सगळा नाही.

मानमोडीचं साल

जानेवारी १९१९ मध्ये अस्थी आल्या, म्हणजे मृत्यू त्याआधी काही महिन्यांतला. १९१८ म्हटल्यावर गुरुजी म्हणाले, "मानमोडीचं साल."

आपण २०२० मध्ये करोना पाहिला. मानमोडी, म्हणजे तेव्हाचा इन्फ्लुएंझा, त्याहूनही भयंकर होता. जून १९१८ मध्ये तो मुंबईत आला. तेव्हा जरा सौम्य होता. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट आली ती जीवघेणी. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. देशभरात एक कोटीहून अधिक माणसं गेली. त्यात वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं पुष्कळ होती. आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायका जास्त दगावल्या, आणि गरोदर बायकांना तर हा ताप फारच कठीण गेला. त्या वर्षी पाऊसही पडला नव्हता. धान्य महाग, अंगात ताकद नाही.

मग तिची नोंद सासरच्या गावी का नव्हती? उत्तर माझ्याच तोंडून निघालं आणि माझाच मला राग आला. अहो, बाई बाळंतपणाला कुठे जाते?

माहेरी!

शेजारच्या तालुक्याची कचेरी. डब्यावरच्या गावाची वही. सप्टेंबर १९१८ चे मृत्यू एका पानात मावले होते. ऑक्टोबरला पानंच्या पानं लागली होती. कारणाच्या रकान्यात "ताप". खाली "ताप". पुढे पुढे तर लिहिणारा नुसत्या खुणा करत गेला होता. मधेच अक्षरही बदललं होतं. लिहिणाराही आजारी पडला की काय, कोण जाणे.

गुरुजींनी नाशिकला मिळालेलं नाव शोधलं. नाही. पुन्हा शोधलं. नाही. मी हताश झाले. तेवढ्यात हे म्हणाले, "माहेरच्या गावी तिला सासरच्या नावाने कोण ओळखणार?" आमच्या लग्नात माझं नाव बदललं होतं आणि अजूनही माझ्या माहेरी मला जुन्याच नावाने हाका मारतात. ते हे माझ्या आधी ह्यांना सुचावं!

डब्यावरचं नाव घेऊन पुन्हा वाचायला लागलो. जुन्या कागदांत मुलाच्या नावापुढे "बिन" आणि बापाचं नाव लिहितात. बाईच्या नावापुढे "कोम" आणि नवऱ्याचं. ११ ऑक्टोबर १९१८ च्या ओळीवर गुरुजींचं बोट थांबलं. डब्यावरचं नाव, "कोम", आणि पुढे पणजोबांचं नाव. वय २३. कारण ताप.

दोन ओळी वर, ९ ऑक्टोबर. नाव नाही. मुलगा, वय दोन दिवस. बाप म्हणून पणजोबांचंच नाव.

म्हणजे ती माहेरी गेली होती, हे खरंच होतं. बाळंतपणाला गेली होती. परत येणार होती. मोठी मुलगी चार वर्षांची, ती सासरी आजीपाशी राहिली असेल, "आई माहेरी गेलीय, बाळ घेऊन येईल" असं तिला सांगितलं असेल. नवरात्राचे दिवस होते. बाळ गेलं आणि दोन दिवसांनी बाळंतीण गेली. मग घरातल्यांना पोरीपुढे दुसरं वाक्य सुचलं नाही. पहिलंच पुढे चालू राहिलं.

आईला सांगितलं तेव्हा

नकलेचा कागद घेऊन आईकडे गेले. तिला वाचून दाखवला. तिने तो हातात घेतला, मोडीतली ओळ बोटाने चाचपली. "मुलगा होता?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. बराच वेळ ती तशीच बसून राहिली.

मग म्हणाली, "माझ्या आईला हे कळायला हवं होतं गं. ८० वर्षं ती बिचारी आईवर रुसून बसली होती."

मला वाटलं, आपण हे उकरून काढलं ते चुकलं की काय. ज्या माणसाला त्याचा उपयोग, ते तर गेलं. पण त्या वर्षीच्या नवमीला आईचा फोन आला. "सवाष्ण सांगितलीय. दोन पानं वाढणार आहे, एक तिचं आणि एक देवापुढे माझ्या आईचं. लेकीकडच्यांनी करत नाहीत म्हणे. मला या वयात कोण अडवतंय?"

त्या दिवशी पुरण त्याच डब्यात भरलं. सांडगे आता बरणीत गेले आहेत.

तुम्हालाही शोधायचं असेल तर

१. सुरुवात घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून करा, आणि आजच करा. "सगळं सांगा" म्हटलं की त्यांना काही आठवत नाही. "तुमच्या लग्नात मामा म्हणून कोण उभं होतं? पहिलं बाळंतपण कुठे झालं?" असं नेमकं विचारा. फोनवर आवाज टिपून ठेवा.

२. भांडी घासून पाहा. तांब्या, घंगाळ, समई, डबा यांवर नाव, गाव, शक असतो. मोडीत द्यायच्या आधी फोटो तरी काढा. जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, फोटोंची मागची बाजू, पोथीची कोरी पानं, सगळं बघा.

३. श्राद्धाची तिथी कोणाची, नवमीला कोणाचं पान, कुलदेवता कोणती, हे विचारून घ्या. कागद नसेल तिथे रीत सांगते.

४. बाईची दोन्ही नावं शोधा, माहेरचं आणि सासरचं. पहिल्या बाळंतपणाच्या आणि बाळंतपणातल्या मृत्यूच्या नोंदी माहेरच्या गावी मिळण्याचा संभव जास्त.

५. शाळेचं जनरल रजिस्टर फार उपयोगी. त्यात पालकाचं नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याचं कारण असतं. त्याच्या उताऱ्याला "प्रवेश-निर्गम उतारा" म्हणतात.

६. तहसील कचेरीत कोतवाल बुक आणि फेरफार यांच्या नकलेसाठी अर्ज करावा लागतो. गाव, तालुका आणि अंदाजे साल लिहून न्या. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा मुलाचं नाव नसतं, नुसतं "मुलगा" किंवा "मुलगी" असतं. तेव्हा बापाच्या नावावरून शोधा.

७. काही घराण्यांचे छापील कुलवृत्तान्त आहेत. त्यात लेकीसुनांची नोंद एखाद्या ओळीची असते, पण तेवढ्या ओळीत माहेरचं गाव सापडू शकतं. ख्रिस्ती कुटुंबांनी चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या पाहाव्यात. त्यात आईचं नाव असतं.

८. मोडी अजिबात येत नसेल तरी घाबरू नका. राज्याच्या पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे वर्ग होतात. माझा स्वतःचा हात आता क, ख, ग पर्यंत आला आहे.

९. आणि एक. जे सापडेल ते गोडच असेल असं नाही. कुणाचं दुसरं लग्न, कुणाचं मूल दगावलेलं, कुणी बेदखल केलेलं. घरातल्या हयात माणसांना विचारून, त्यांना झेपेल तेवढंच बाहेर काढा.

नाशिकहून निघताना उपाध्यांनी वही पुढे केली. आलेल्या माणसाने स्वतःची नोंद लिहायची पद्धत आहे. ह्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी माझं नाव लिहिलं, माझ्या आईचं लिहिलं, आजीचं लिहिलं. पणजीची तेव्हा एकच ओळख हाती होती, तरी डब्यावरचं नाव आठवून त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं. ते प्रश्नचिन्ह खोडायला पुन्हा जायचं आहे.

नातवाचा अभ्यास मात्र वेळेत झाला नाही. सहा महिने उशिरा चौकट भरली. बाईंनी विचारलं, एवढा उशीर का? तर तो म्हणाला, "पणजीची पणजी माहेरी गेली होती. तिला आणायला आजी गेली होती." एका पिढीचा हिशेब चुकला त्याचा, पण बाकी बरोबर सांगितलं त्याने.